कुत्र्याच्या फोटोमागचं बटण

"कुठल्या गाढवाने केलीय ही वेबसाइट?"

आमच्या ऑफिसच्या जिन्यात बसून एक माणूस स्वतःशीच बोलत होता. बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर. त्याच्या बाह्या ओल्या, केस कपाळाला चिकटलेले, मांडीवर झाकणाची टोपली आणि हातात एक जुनाट फोन. फोनवर मी गेल्या महिन्यात करून दिलेली वेबसाइट उघडलेली.

"या गाढवाने," मी म्हटलं.

तो दचकला. टोपलीतून कोणीतरी मोठ्याने "क्वॅक" केलं.

"सॉरी... म्हणजे दार बंद होतं, मला वाटलं कोणी नाही."

"जेवायला गेले होते. गाढवंही जेवतात."

प्रेमकथेतल्या मुली अशा वेळी लाजतात, म्हणे. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतात. मी कुलूप उघडलं, दिवा लावला आणि त्याला समोरच्या खुर्चीत बसवून म्हटलं, "दाखवा. काय चुकलंय?"

चूक साधी होती. वेबसाइट जनावरांच्या दवाखान्याची. वर पत्ता, वेळा, खाली एका हसऱ्या कुत्र्याचा फोटो आणि सगळ्यात तळाशी मोठं हिरवं बटण – 'नंबर लावा'. त्याच्या फोनवर बटणच नव्हतं. पडद्याच्या खालच्या कडेखाली बोटभर बुडालेलं. वरची हिरवी कड तेवढी दिसत होती, पाण्यातून डोकं काढावं तशी.

मी ब्राउझर बघितला आणि डोकंच फिरलं.

"हा कुठून आणलात? याची आवृत्ती बघा. शून्य पूर्णांक आठ. ज्यांनी बनवलाय तेच सांगतायत की अजून आकडा एकपर्यंतही पोचलेला नाही, म्हणजे घडवणं चालूच आहे."

"पण चालतो छान."

"छान चालतो, तर बटण कुठाय?"

"तेच तर विचारायला आलो."

"करार वाचलात? सातवं कलम. वेबसाइट फक्त पूर्ण झालेल्या ब्राउझरवर चालेल. अर्धवट ब्राउझरची जबाबदारी आमची नाही."

"कोणी लिहिलंय एवढं रागाने?"

"मी."

"वाटलंच," तो म्हणाला आणि टोपलीचं झाकण जरासं उघडलं. आत बदक. एका पायाला पट्टी. बदकाने माझ्याकडे असं बघितलं की जणू कलम त्यालाही पटलेलं नाही.

"याला काय झालं?"

"अर्धवट बांधलेल्या कुंपणावरून उडी मारली."

"बघा! अर्धवट गोष्टींच्या नादी लागलं की पाय मोडतो."

"हो. पण मोडलेला पाय आम्ही बघतो. कुंपण कोणी अर्धवट ठेवलं ते विचारत बसत नाही."

वाद अर्ध्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही, तरी मी विषय बदलला. "तुम्ही डॉक्टर?"

"डॉक्टर माझी आत्या. मी तिच्याकडेच असतो. माझा..." तो थांबला. मग सरळच म्हणाला, "माझा एक पेपर राहिलाय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"म्हणजे तुमचीही आवृत्ती शून्य पूर्णांक आठ."

"नऊ म्हणा हो. एकच पेपर राहिलाय."

मी हसले नाही. ओठ दातांखाली धरले, ते वेगळं.

जाताना त्याने टेबलावर एक घडी केलेला कागद ठेवला. "हा ब्राउझर वापरणाऱ्यांची यादी. त्रेचाळीस जण आहेत. वाचा, नका वाचू... तुमची मर्जी."

तो गेला. खुर्चीवर ओला डाग आणि एक पीस राहिलं.

सातवं कलम मी उगाच लिहिलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने हट्ट धरला, नवीन येऊ घातलेल्या ब्राउझरवर त्याची वेबसाइट चाललीच पाहिजे. तो ब्राउझर अजून घडत होता. तो दर आठवड्याला बदलायचा, मी दर आठवड्याला त्याच्यामागे धावायची. तीन महिने. पूर्ण होऊन बाहेर आला तेव्हा त्याच्यात मला माहीत असलेलं काहीच शिल्लक नव्हतं. वेबसाइट कोसळली आणि दुकानदाराने माझ्या ताईला चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. ऑफिस आमच्या दोघींचं. मी बनवते, ती गिऱ्हाइकं सांभाळते. माझ्या चुकीच्या शिव्या तिने खाल्ल्या.

त्याच सुमारास माझ्या आयुष्यात एक माणूस होता. चार वर्षं "माझं अजून नक्की ठरत नाहीये" एवढंच म्हणत राहिला. मग एक दिवस ठरलं त्याचं. दुसरीशी.

तेव्हापासून अर्धवट मालाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. ब्राउझर असो नाहीतर पुरुष.

पण यादी मी वाचली. वाचायला नको होती.

त्यात माणसांची नावंच नव्हती. 'आंधळं कुत्रं – बेकरीवाले.' 'दोन ससे – शिंपीणकाकू.' 'पोपट, शिव्या देतो – निवृत्त पोस्टमन.' 'मांजर, मूत्रपिंड – गणिताच्या बाई.' आणि प्रत्येकापुढे फोन किती जुना ते. दहा वर्षं, अकरा वर्षं, नऊ. मोठ्या ब्राउझरवाल्यांनी अशा फोनसाठी दुकान कधीच बंद केलं होतं. फोन ठणठणीत, पण त्यातून काही उघडत नाही. काही हौशी लोकांनी फावल्या वेळात हा छोटा ब्राउझर घडवायला घेतला होता आणि तो जुन्या फोनवर चालायचा. या टोपलीवाल्याने एकेकाला दवाखान्यात बसवून, त्यांच्या जनावराला मांडीवर घेऊन, त्यांच्या फोनात तो घालून दिला होता. त्रेचाळीस वेळा.

"कोण आहे हा वेडा?" मी मोठ्याने म्हटलं.

"आवाज बदललाय तुझा," ताई तिच्या टेबलावरून म्हणाली.

"सर्दी झालीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले. फक्त बघायला.

बाकावर एक ताठ बसलेल्या आजी होत्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मांजर. त्याच गणिताच्या बाई. मांजरीला एक दिवसाआड सलाइन लागायचं. बाई दोन बस बदलून यायच्या आणि नंबर नसल्याने दोन-दोन तास बसायच्या.

"तू ती वेबसाइटवाली? अगं, मी ते पान वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं. पत्ता आहे, वेळ आहे, तो हसरा कुत्रा आहे. नंबर कुठे लावायचा तेवढं नाही. माझ्या वर्गात असतीस तर शून्य दिला असता."

"बाई, तुमचा ब्राउझर—"

"मला कारणं सांगू नकोस. उत्तर सांग."

आतून आत्याबाई हात पुसत आल्या. उंच, आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा. "हे बघ मुली, सोमवारी दवाखाना नव्या जागेत जातोय. तिथे फोनची लाइन यायला महिना लागणार आणि बसायला चार खुर्च्या. नंबर लावून येतील त्यांनाच बघणार. ज्यांना लावता येत नाही त्यांनी काय करायचं? तू सांग."

मी त्या मांजरीकडे बघितलं. ती डोळे मिटून, हाडं दिसेपर्यंत वाळलेली, बाईंच्या मनगटावर हनुवटी टेकून पडली होती. कोपऱ्यात टोपलीवाला एका सशाचे कान साफ करत होता. माझ्याकडे बघतही नव्हता, लबाड.

"सोमवारी बटण दिसेल," मी म्हणाले. "माझी जबाबदारी."

मग मी रोज दुपारी तिथे जायला लागले. खऱ्या फोनवर बघितल्याशिवाय कळत नाही, हे खरंच आहे. पण मी खोटं कशाला सांगू... नुसतं तेवढंच नव्हतं.

तो येणाऱ्यांचे फोन मागून घ्यायचा आणि माझ्यासमोर ओळीने मांडायचा. मी बदल करायची, तो एकेक फोन उचलून बघायचा.

"बेकरीवाले, नाही. शिंपीणकाकू, अर्धं दिसतंय. पोस्टमन—"

"काय?"

"पोपट तुम्हाला काहीतरी म्हणाला."

"काय म्हणाला?"

"मला सांगता येण्यासारखं नाही. पण सूर कौतुकाचा होता."

एकदा वाकून फोन बघताना आमची डोकी आपटली. चांगली जोरात. त्याने पटकन माझ्या कपाळावर थंड तळवा ठेवला, कुत्र्याचा ताप बघावा तसा. ठेवला आणि विसरला... मीही आठवण करून दिली नाही.

"तुम्ही नेहमीच एवढ्या चिडलेल्या असता?" त्याने विचारलं.

"नाही. झोपेत नसते."

"खात्रीने कोण सांगेल?"

"ताई. ती घोरते म्हणून मी चिडून जागीच असते."

तो एवढा हसला की आतून आत्याबाई ओरडल्या, "ए, हसायचे पैसे देत नाही मी तुला! तो बोका धर!"

गुरुवारी जमलं. मी वेबसाइटमध्ये एक ओळ घातली – समोरच्या ब्राउझरचं नाव बघ. हा अर्धवटराव असेल, तर बटण बोटभर वर उचल. सगळ्या फोनवर हिरवं बटण टुणकन वर आलं. बाईंनी ते दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "दहापैकी सात."

"तीन कशाचे कापले?"

"उशिराचे."

घरी ताईला सगळं सांगितलं. म्हणजे बटणाचं. तिने बाकीचं न सांगताच ओळखलं.

"आवडतो?"

"छे! त्याचं काही पूर्ण नाही गं. एक पेपर तीन वर्षं राहिलाय. अशा माणसाचा भरवसा काय?"

ताईने भांडी विसळणं थांबवलं. नळ बंद केला. "तुझा कुठला पेपर झालाय गं?"

"म्हणजे?"

"वेबसाइट करायचं तू कुठल्या कॉलेजात शिकलीस? कुठलं सर्टिफिकेट आहे तुझ्याकडे? तुला पहिलं काम देणाऱ्याने तुझी आवृत्ती विचारली असती, तर आज कुठे असतीस?"

तिने नळ परत सोडला. मला एवढा राग आला की मी न जेवता उठले. खरं बोललेलं फार झोंबतं.

शनिवारी सकाळी त्याचा फोन.

"एक वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "आणि चूक माझी आहे."

"काय झालं?"

"बटण गेलं. सगळ्यांच्या फोनवरून."

त्याने सांगितलं ते असं: पहिल्या दिवशी, जिन्यातून परत गेल्यावर, त्याने त्या ब्राउझर घडवणाऱ्या हौशी मंडळींना पत्र लिहिलं होतं – बटण बुडतंय, चित्र सोबत जोडलंय. त्यांनी ते मनावर घेतलं आणि आपली चूक दुरुस्त केली. शुक्रवारी नवीन आवृत्ती आली. शून्य पूर्णांक नऊ. हा आनंदाने वेडा झाला. दिवसभर फिरून त्याने त्रेचाळीस घरी जाऊन नवीन आवृत्ती घालून दिली.

"मला वाटलं, तुमचं काम हलकं होईल. तुम्हाला... आश्चर्याचा धक्का द्यावा म्हटलं."

"दिलात! चांगला दिलात! मला विचारायचं नाही? एक फोन करता येत नव्हता? परवा सोमवार आहे! तुमच्यासारख्या अर्धवट माणसांमुळेच—"

मी बरंच बोलले. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. फोन ठेवलाही नाही. शेवटी म्हणाला, "आत्याला मी सांगतो, माझ्यामुळे झालं म्हणून. तुमचं नाव येणार नाही."

फोन ठेवून मी कॉम्प्युटरसमोर बसले. बटण सापडायला पाच मिनिटं लागली. ते हसऱ्या कुत्र्याच्या फोटोमागे जाऊन बसलं होतं. ब्राउझर आता स्वतःच बटण नीट जागी ठेवत होता आणि माझी ओळ त्याला तरीही बोटभर वर ढकलत होती. टोपलीवाल्याने एका बाजूने खिळा ठोकला, मी दुसऱ्या बाजूने. दोघांनीही एकमेकांसाठी. लाकूड फुटलं.

आणि मग मला नीट दिसलं. चूक त्याची नव्हतीच.

माझी ओळ ब्राउझरला त्याचं नाव विचारत होती. तू कोण? अर्धवटराव? मग तुला जमत नसणारच, सरक, मी उचलते. या धंद्यात पहिल्या वर्षी शिकायची गोष्ट आहे ही – नाव विचारू नये, येतं का ते विचारावं. घडत असलेली वस्तू उद्या शिकणारच. काल येत नव्हतं ते आज येईल. मला हे माहीत होतं. पण अर्धवट म्हटलं की मी आंधळी होते.

गप्प बसता आलं असतं. त्याने दोष अंगावर घेतलाच होता. आत्याबाईंनी त्याला झापलं असतं, ताईला कोणी बोललं नसतं, मी दुरुस्ती करून हुशार ठरले असते. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला दोन मिनिटं बसला, हे लिहून ठेवते.

मग मी दवाखान्यात गेले. खोक्यांच्या ढिगात आत्याबाई त्याला फैलावर घेत होत्या. "तुझ्या या उपद्व्यापांनी एक दिवस—"

"आत्याबाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "याची नाही. माझी ओळ चुकीची होती. आणि मी यालाच शिव्या घातल्या. त्याही चुकीच्या."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. टोपलीतलं बदकसुद्धा.

"दुरुस्त होईल?" आत्याबाईंनी विचारलं.

"होईल. पण सगळे फोन परत बघावे लागतील. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस."

"मग उभी काय? आणि तू, गाढवा, सायकल काढ."

नवीन ओळ रविवारी दुपारी झाली. तिने नाव विचारलंच नाही. तिने विचारलं – तुला बटण तळाशी धरता येतं का? येत असेल तर मी हात लावत नाही. नसेल तर मी उचलते. बस्स. तो सायकलवरून दारोदार फिरला आणि एकेका फोनवरून मला सांगत राहिला. "बेकरीवाले, दिसतंय... शिंपीणकाकू, दिसतंय... पोस्टमन, दिसतंय, आणि पोपट गप्प आहे, बहुतेक प्रेमात पडलाय." बेचाळीस झाले. गणिताच्या बाई घरी नव्हत्या. दाराला कुलूप, फोन बंद. शेजारी म्हणाले, बहिणीकडे गेल्यात, सकाळी येतील.

सोमवारी नऊ वाजता मी नव्या जागेत एका खोक्यावर बसले होते. मांजरीचं सलाइन आजच होतं. बाईंना नवा पत्ता अजून माहीत नव्हता; तो नंबर लागल्यावरच फोनवर येणार होता. नंबर नाही लागला तर बाई तिला घेऊन दोन बस बदलून जुन्या पत्त्यावर जातील आणि तिथे फक्त कुलूप असेल. पुढ्यातल्या पडद्यावर नंबर येत होते. बेकरीवाले. एक नवीन कुत्रं. दोन ससे. बाई नाहीत.

सव्वानऊ. तो माझ्या शेजारच्या खोक्यावर येऊन बसला. नवीन रंगाचा वास येत होता आणि खिडकीवर परत पावसाचे थेंब टपटपायला लागले होते.

नऊ वीस. नऊ पंचवीस.

"बसने निघाल्या असतील तर..." मी म्हटलं.

"नऊ चाळीसला मी जुन्या पत्त्यावर जाऊन उभा राहतो. छत्री घेऊन. बटण आलं तर आलं, नाही तर मी आहे."

त्याने हे आधीच ठरवून ठेवलं होतं. दाराशी छत्री टेकवलेली मला आत्ता दिसली.

नऊ एकतीसला पडद्यावर एक ओळ उमटली. 'मांजर. सलाइन. अकरा वाजता.' आणि खाली, निरोपाच्या जागी: 'दहापैकी नऊ. एक मी राखून ठेवते.'

माझ्या छातीवरचं दगडी जातं कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं. मी हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्याबाई आतून ओरडल्या, "लागला का बाईंचा नंबर?" आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "लागला!" बदकाने दुजोरा दिला.

मी नाक पुसलं. "तुम्हाला काही विचारायचंय मला."

"विचारा की."

"चूक झाली तर फोन करून स्वतः सांगता येतं?"

त्याला कळलं. डोळ्यांच्या कडा आधी हसल्या. "येतं. शनिवारी सांगितली. माझी नसलेलीसुद्धा."

"चिडलेल्या बाईचं पूर्ण ऐकून घेता येतं?"

"सतरा मिनिटं ऐकलं. मोजलीयत मी."

"न सांगता छत्री आणून ठेवता येते, ते बघितलंच."

"पेपर..." तो म्हणाला. आवाज जरा खाली आला. "फॉर्म भरलाय परवा. पण पास होईनच, असं—"

"मी विचारलंय?"

"नाही."

"मग?"

तो हातातल्या पट्टीचं टोक गुंडाळत राहिला, सोडत राहिला. "मला तुम्हाला काहीतरी... म्हणजे जिन्यात भेटलात तेव्हापासून... माझं वाक्य अजून नीट तयार नाहीये."

"अर्धवट चालेल. बोल."

त्याची बोटं थांबली. "बोल?"

"हो. बोल. तुला सांगतेय."

त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. पट्टी खाली ठेवून माझा हात धरला, जपून, पाखरू धरावं तसा. घट्टही नाही, सुटेल असाही नाही. त्याला ते येत होतं.

दुपारी ताई नवी जागा बघायला आली. सोबत लॅपटॉप. शेजारच्या दुसऱ्या एका डॉक्टरने काम दिलं होतं आणि तिला नवा करार आजच पाठवायचा होता. ती खोक्यावर बसली, सातव्या कलमापाशी थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे आता ठेवायचं का?"

"काढून टाक."

"मग काय लिहू?"

मी विचार केला. "लिही – ज्याला जे येतं ते त्याला करू द्यायचं. जे येत नाही तेवढं आम्ही सांभाळू. आणि उद्या यायला लागलं, तर आम्ही बाजूला होऊ."

ताईची बोटं कळांवर थांबली. तिने मान वळवून कोपऱ्यात बघितलं. तिथे तो बदकाच्या पायाची पट्टी सोडत होता आणि बदक पहिल्यांदाच दोन्ही पायांवर उभं राहायचा प्रयत्न करत होतं.

"हे ब्राउझरबद्दलच आहे ना गं?"

"तू टाइप कर गुपचूप."